कठोरातल्या कठोराला वळण

माझ्या थोरल्या भावाला एका मॅनेजरसाहेबांनी राक्षस समजून हाकलून दिलं, त्यात दादाचा काडीचाही दोष नव्हता. अर्ज मी लिहिला होता.

दादा टर्नर. लेथवर लोखंड फिरवून, कापून त्याचे अचूक भाग करणारा. गिरणीतलं वर्कशॉप बंद झालं आणि चार महिने तो करी रोडच्या आमच्या चाळीत नुसता बसून होता. तेवढ्यात रे रोडच्या एका कारखान्याची जाहिरात आली.

"चार ओळी खरड रे," दादा म्हणाला. "टर्नर आहे, अकरा वर्षं लेथवर काढलीत. बस्स. आणि मराठीत लिही." (संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. दादा एकही सभा चुकवत नसे!)

"साहेबाला मराठीत? दादा, अर्जाची छाप पडली पाहिजे!"

मी चार पानं लिहिली. इंग्रजीत! 'टर्नर' हा शब्द मला फारच हलका वाटला. त्याऐवजी लिहिलं (अर्थ असा): 'कठोरातल्या कठोराला वळण लावण्याचा अकरा वर्षांचा अनुभव.' लेथचा उल्लेख? चार पानांत एकदाही नाही! वहिनीने तो अर्ज भक्तिभावाने देवापुढे ठेवला.

बोलावणं आलं. मी सोबत गेलो आणि उघड्या दाराबाहेर उभा राहिलो. कारखान्याला कामगारांवर देखरेखीसाठी मुकादमही हवा होता. अर्ज वाचून साहेबांना वाटलं, हाच तो! आणि साहेब बोलत होते चक्क मराठीत.

"एखादा फारच कठीण निघाला तर काय करता?"

"आधी घट्ट आवळतो, साहेब."

"आँ?"

"मग गरगर फिरवतो. आणि पातळ पातळ सोलतो."

"अहो, तो ओरडत नाही?"

"किंचाळतो की! मग थोडं तेल सोडायचं."

"आणि... काही बरंवाईट झालं तर?"

"बिघडतात एखाद-दोन. ते भंगारात टाकतो."

साहेब खुर्चीतून उठलेच! "हा अर्ज कोणी लिहिला?"

दादाने दाराकडे पाहिलं. माझ्याकडे.

"मीच, साहेब," दादा म्हणाला. साहेबांनी त्याला तडक दार दाखवलं.

आणि मी? मी दाराबाहेरच थांबून स्वतःच्या चपला निरखत राहिलो.

घरी दादाने "जागा भरली गं," एवढंच सांगितलं. मला वाढताना वहिनी हळहळली, "भाऊजी, तुम्ही एवढी मेहनत घेतलीत, आणि बघा!"

सकाळी मी एकटाच रे रोडला गेलो आणि साहेबांपुढे सगळं कबूल केलं.

"टर्नर?" साहेब हसून हसून टेबलावर आडवे व्हायचे बाकी राहिले. "अहो, मग तसं लिहायचं की! आमचं लेथ माणसाविना पडून आहे. घेऊन या त्यांना!"

दुपारी दादाने लेथवर हात दाखवला आणि तासाभरात नोकरी पक्की झाली. कागदावर सही करता करता साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"आणि आपण काय करता?"

"शाळेत मास्तर आहे."

"वा! काय शिकवता?"

गणित म्हणून सुटता आलं असतं. पण दादा शेजारीच उभा होता.

"इंग्रजी," मी म्हणालो.