कडुलिंबाला नेसवलेलं इरकल

अतिक्रमण हटवणाऱ्या पथकाची गाडी आली, तेव्हा मी एका कडुलिंबाच्या रोपाला माझ्या सासूबाईंचं इरकल नेसवत होतो.

हे वाचून माझ्याविषयी गैरसमज होणं साहजिक आहे. त्या दिवशी अख्ख्या कॉलनीचा झाला होता!

आमच्या कॉलनीत एक ओपन स्पेस आहे. तिथे कचरा, दगडगोटे आणि डुकरं सुखाने नांदत होती. कॉलनीच्या बैठकीत मी उत्साहाच्या भरात उठलो आणि "इथे बाग झालीच पाहिजे" असं म्हणालो. (मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. मागांच्या खडखडाटात बोलून बोलून माझं साधं बोलणंही घोषणेसारखं वाटतं.) टाळ्या पडल्या आणि जबाबदारीही माझ्याच गळ्यात पडली. पालिकेतले बागेचे साहेब म्हणाले, "रोपं आम्ही देतो. उन्हाळाभर जगवून दाखवा. जगली तर बाग करू, नाहीतर तिथे पार्किंग करायचं घाटतंय."

आता सोलापूरचा उन्हाळा! एप्रिलातच रोपांनी माना टाकल्या. मी टँकर मागायला गेलो. साहेब म्हणाले, "अहो, माणसांनाच नळाला रोज पाणी नाही. आधी तहानलेल्या वस्त्या, मग तुमची झाडं." त्यांचं बरोबरच होतं. मग मी घरच्या तांदळाचं धुणवणी, कपड्यांचं शेवटचं पाणी, असं सगळं बादलीने वाहू लागलो. आमच्या घरात तेव्हा कोणी आंघोळीला बसलं, की मी बाहेर बादली घेऊन उभा असायचो. तरी पानं करपतच होती.

अशात सांगोल्याहून माझे वडील आले. आबांनी एका रोपाचं पान चुरगाळून पाहिलं.

"पानी पुरतंय रं. पर उनाची धग लागतिया," ते म्हणाले.

"मग सावली कुठून आणू, आबा?"

"आमी डाळिंबाला साड्या पांघरतो की. लिंबानं काय घोडं मारलंय?"

मी आनंदाने उडालोच! आमच्या भागात डाळिंबाच्या बागा उन्हाळ्यात जुन्या साड्या पांघरून उभ्या असतात, हे लहानपणापासून पाहत आलेलो, आणि मला हे सुचू नये? बायको, म्हणजे सुनंदा, बहिणीच्या बाळंतपणासाठी होटगीला गेली होती. मी फोन केला.

"ट्रंकेत बोहारणीसाठी काढलेल्या साड्यांचं गाठोडं आहे, ते घ्या," ती म्हणाली. "दुसऱ्याला हात लावू नका."

ट्रंकेत दोन गाठोडी होती. मी सारासार विचार करून जड होतं ते उचललं. जास्त साड्या म्हणजे जास्त झाडं!

बांबू रोवले, साड्या बांधल्या. जरीचे काठ पाहून मला जरा शंका आली होती, पण सुनंदा टापटिपीची, टाकाऊ साड्याही नीट ठेवत असेल, असं मी स्वतःला समजावलं. आठवडाभरात चमत्कार झाला. रोपांना पोपटी पालवी फुटली! मी रोज ड्यूटीवरून आलो की साड्यांच्या खाली डोकं घालून पालवी बघायचो. (हे रस्त्यावरून कसं दिसत असेल, याचा विचार मी तेव्हा केला नाही.)

रविवारी सकाळी वाऱ्याने एका कडुलिंबावरचं इरकल सुटलं. ते मी पुन्हा बांधत होतो, तेवढ्यात दोन बायका रिक्षातून उतरल्या.

"भाई, ये हरी वाली कित्ते की?"

मी "विकायची नाही" म्हणेपर्यंत आणखी चारजणी आल्या. कोणी पदर ओढून पाहतंय, कोणी काठ उलटून पाहतंय. मी ओरडून सांगत होतो, पण सेल लागल्यावर ओरडणाऱ्याचं कोण ऐकतं? त्यात आबा. आयुष्यभर बाजारात शेरडं-मेंढरं विकलेला माणूस. समोर गिऱ्हाईक उभं आहे आणि आपण भाव सांगायचा नाही, हे त्यांच्या जिवाला सोसेना.

"बाई, माल अस्सल हाय," ते इरकलाकडे बोट दाखवत म्हणाले. "तुमीच बोला, किती देता?"

आणि नेमकी तेव्हाच पथकाची गाडी आली.

"परवाना?" पथकाच्या साहेबांनी विचारलं.

"साहेब, ही विक्री नाही. ही झाडं आहेत."

साहेबांनी घासाघीस करणाऱ्या आबांकडे पाहिलं. मग माणसांना खूण केली. भराभर साड्या सुटल्या आणि गाडीत पडल्या. दुपारच्या उन्हात ही कोवळी पालवी टिकणार नव्हती, आणि पालवी गेली की बागही गेली.

तेवढ्यात होटगीहून परतलेली सुनंदा रिक्षातून उतरली. गाडीत वर पडलेलं इरकल तिने पाहिलं. तिच्या आईने लग्नात तिला दिलेलं. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. सुनंदा सरळ साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, ह्यांना स्वतःचं बनियन धड विकत घेता येत नाही. हे साड्या काय विकणार? खाली वाकून बघा जरा."

साहेब वाकले. उघड्या पडलेल्या रोपांची पालवी त्यांनी बोटाने हलवून पाहिली.

"आमच्याकडे डाळिंबाला बांधतात अशा," ते हळूच म्हणाले.

"मग आधी का न्हाय बोलला?" आबा म्हणाले. "कवाधरनं गिऱ्हाईक खोळंबलंय."

साहेब हसले, आणि मग मीही श्वास घेतला. त्यांनी बागेच्या साहेबांना फोन लावून तिथेच बोलावून घेतलं. बागेचे साहेब आले, त्यांनी सगळी रोपं पाहिली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "पार्किंग रद्द." मला रडूच आलं! साड्या परत मिळाल्या. इरकलाचा रंग मात्र एका बाजूने उडाला होता. मी माफी मागितली, अगदी मनापासून. सुनंदा बराच वेळ काठावरून हात फिरवत राहिली. "आईलाही झाडांचं वेड होतं," एवढंच म्हणाली. आणि ट्रंकेला कुलूप लावलं.

पालिकेने आता तिथे कुंपण घातलंय, फाटकावर पाटीही लावली आहे. लोकांच्या नावाने चौक असतात, रस्ते असतात. माझी आठवण त्या पाटीवर शेवटच्या ओळीत आहे: 'फुले तोडू नयेत. कुत्री आणू नयेत. साड्या विकू नयेत.'