शनिवारचे चणे-गूळ

सिंगापुरात, आमच्या बेडोकच्या फ्लॅटमध्ये फ्रिजवर एक चित्र आहे. काळं-पांढरं, माकडासारखं दिसणारं लेमूरचं पिलू, बोटीच्या गोल खिडकीतल्या उन्हात हात पसरून, पोट पुढे काढून बसलेलं. लेकीनं पाच वर्षांची असताना काढलेलं, मी बोटीवर नोकरीला असताना सांगितलेल्या गोष्टीवरून. बोटीवर बाबांना पिलू मिळालं, बाबांनी ते जंगलात सोडलं. गोष्टीचा पहिला अर्धा भाग खरा होता.

गेल्या महिन्यात ती मादागास्करला जायचा अर्ज भरत होती. लेमूरांच्या जंगलात सहा महिने रोपं लावायची. पहिलं वाक्य तिनं हौसेनं वाचून दाखवलं: माझ्या वडिलांनी एक लेमूर जंगलाला परत दिला. "उद्या पाठवते," म्हणाली. मी चहा गाळत राहिलो.

त्याच दुपारी ती मला प्राणिसंग्रहालयात घेऊन गेली. उंचावरच्या टोपलीत लेमूरची दोन पिलं निपचित बसलेली.

"ह्यांची आई कुठाय?" मी विचारलं.

"फळं खायला. पिलांना ती अशी वर ठेवून जाते, बाबा. पिलं गप्प राहतात, ती येते परत. लोकांना वाटतं, टाकून गेली."

मी कठडा धरला. मादागास्करच्या बंदरात आमच्या बोटीपाशी होडीतून पिलू विकायला आलेल्या माणसानं खुणेनं हेच सांगितलं होतं: एकटं होतं, आई नाही. कामावर घालायच्या दोन जुन्या बॉयलरसूटच्या बदल्यात मी पिलू केबिनमध्ये नेलं. अनाथाला सांभाळतोय, हीच समजूत मी इतकी वर्षं उशाला घेतली होती.

"मी ते सोडलं नव्हतं," मी म्हणालो. "मेलं ते. माझ्याकडे."

मग मी बोलत सुटलो. खालच्या दातांचा फणीसारखा उपयोग करून ते माझ्या मनगटावरचे केस विंचरायचं. खाली डेकवरून हाक आली की बारीक ओरडून उत्तर द्यायचं. बोटीवरचा आमचा रत्नागिरीचा कूक त्याला मारुतीराया म्हणायचा. शनिवार आला, तसे आम्ही त्याला भक्तीनं चणे-गूळ भरवले. सोमवारी त्याला जुलाब, बुधवारी संपलं. स्वच्छ कापडात गुंडाळून मी ते समुद्रात सोडलं आणि घरी फोनवर हिला म्हटलं, जंगलात सोडलं.

"चणे?" ती म्हणाली आणि मध्येच तिच्या सिंगापुरी इंग्रजीवर गेली. "बाबा, ते फळं खातं. इट्स नॉट ईव्हन अ मंकी, लाह!"

हसली, आणि हसताना डोळे पुसले. बराच वेळ माझ्याकडे बघितलं नाही. मग फोन काढून अर्जातलं ते पहिलं वाक्य खोडलं.

"बोल. विंचरायचं म्हणालास. कुठल्या हाताचं मनगट?"

"डावं."

मादी फांदीवरून उतरली, तिनं टोपलीत तोंड घातलं. पिलं हलली. लेक टाइप करता करता थांबली, आम्ही दोघांनी पाहिलं.

अर्ज रविवारी गेला. आता तो असा सुरू होतो: माझ्या वडिलांनी एक पिलू त्याच्या आईपासून दूर नेलं. ते मोठं झालं असतं तर फळं खाऊन त्यानं जंगलभर बिया टाकल्या असत्या. तेवढी झाडं मला लावायची आहेत.

"चण्यांचं नको गं लिहू," मी म्हटलं होतं.

लिहिलंय तिनं.