दसऱ्याचं तेल

माझं सगळं चांगलं चाललं की मला धडकी भरते. कोल्हारला आल्यापासून तर ती रोजचीच झाली, कारण इथे माझं चांगलंच होत गेलं.

मी गोंदियाकडची. सहावीत शाळा सुटली ती सुटलीच. गावाकडच्या एका बाईच्या ओळखीने इथल्या वसतिगृहात पोळ्या लाटायचं काम मिळालं आणि राहायला काका-काकूंच्या अंगणातली खोली. नात्याने ते माझे कुणी नाहीत. काकांचं पूर्वी सायकलचं दुकान होतं. नजर अधू झाली तसं त्यांनी ते बंद केलं, पण सामान विकलं नाही. सगळं मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

वसतिगृह गावाबाहेर, हमरस्त्याच्या कडेला. मी चालत जायची आणि शिर्डीच्या गाड्या पदराला वारा लावून जायच्या. काका एकदा म्हणाले, "चालत मरशील एक दिवस. त्यापरास सायकलीवर मर."

"जळ्ळं तुमचं तोंड," काकू आतून म्हणाल्या.

बाजार नसेल त्या दिवशी बाजारतळावर शेडमधल्या एका सायकलीवर मला बसवून काका मागून कॅरियर धरून धावायचे. मी तिशी ओलांडलेली बाई, साडी खोचलेली. कट्ट्यावरचा एक जण ओरडला, "काका, सायकल दुरुस्त करताय की बाई?"

"दोनीबी. तुझं डोकं घिऊन ये, त्येबी करतो."

मी पडत पडत शिकले. मग शेडमधल्या सायकलींवर हात बसायला लागला. भंगारातून आणलेली सायकल उलटी करायची, बेअरिंगचे छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, चाक फिरवून रिमचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा. काका स्टुलावर बसून नुसत्या आवाजावरून सांगायचे. गंजलेलं चाक पहिल्यांदा गुपचूप फिरलं तेव्हा मला रडू आलं होतं.

त्याच हाताने मी काकांची जुनी सायकल उभी केली. काका तिच्यावर गल्लीत फिरायला लागले, आणि माझी झोप गेली. त्यांच्या मुलाचा पुण्याहून मला फोन आला. "ताई, घरापुढे ठीक आहे. पण रस्त्यावर जाऊ देऊ नका त्यांना. दिसत नाही त्यांना नीट." बरं म्हणाले मी. पण ज्याच्या छपराखाली राहायचं त्याला नाही कसं म्हणायचं? रोज निघताना मी दोन्ही सायकलींचे ब्रेक दाबून बघायची. तेवढंच माझ्या हातात होतं.

दसऱ्याला वसतिगृहात पुरीचा बेत होता, म्हणून मी पहाटेच चालत गेले. सायकल पूजेसाठी घरीच ठेवली. दुपारी परत आले तर अंगणात माझी सायकल झेंडूच्या माळेत उभी. हळदीकुंकू, हँडलला आपट्याची डहाळी. काकांच्या सायकलीची जागा रिकामी.

"काका कुठे गेले?"

"सोनं द्याया. नदीपल्याड त्यांचा दोस्त हाय ना." काकू हात पुसत बाहेर आल्या. "बघ, कशी चमकावली दोनी! तुला येळ न्हाई, म्हनलं आपन करावं."

सायकल खरंच चमकत होती. मी रिमवर बोट फिरवलं. बोट सरकलं. खोबरेल. काकूंनी फडकं बुडवून दांड्यापासून रिमपर्यंत सगळं माखलं होतं, ज्या पट्टीला ब्रेकचं रबर धरतं तीसुद्धा. मुलीच्या केसांना लावावं तसं, मायेने.

नदीकडे रस्ता उतरतो. उताराच्या तळाशी हमरस्ता, आणि सणाच्या दिवशी त्यावरची रांग तुटत नाही.

बंबाखालची राख ओंजळीने घेतली आणि माझ्या चाकांना चोळली. "अगं, पूजेची सायकल हाय ती!" काकू ओरडत राहिल्या. माळ तोडून मी निघाले.

वाटेत लोक हसून सोनं पुढे करत होते. मी घेतलं नाही. उताराच्या तोंडाशी ब्रेक दाबला. राखेने खरखरत धरला. खाली रस्त्याच्या कडेला माणसं जमलेली दिसली. त्यांच्यापलीकडे एक ट्रक उभा होता.

सायकल हातात धरून मी चालत उतरले.

काका उसाच्या बांधावर बसलेले होते. कोपरापासून रक्त, एक चप्पल नाही. सायकल उसात शिरून आडवी. ट्रकवाला त्यांना पाणी पाजत होता आणि शिव्याही देत होता. "आजोबा, माझी गाडी होती समोर! कळतंय का?"

काकांनी माझा आवाज ओळखला. "दाबला गं मी. दोनी दाबलं. पान्यावानी गेली."

"तेल लावलंय रिमला," मी म्हणाले.

दुकानात आयुष्य गेलेला माणूस. घरातून निघताना त्यांनी चाकाला हात लावला असता तर कळलं असतं, पण हात हारांत आणि सोन्यात होते. मग काका म्हणाले, "तिला सांगू नको."

आम्ही दोघं दोन सायकली ढकलत चढलो. काकू दारातच होत्या. कोपर बघून त्यांनी हंबरडा फोडला. "काय झालं हो?"

"घसरलो."

"असे कसे घसरला?"

"दिसलं न्हाई."

काकूंनी हळद दाबली, रडल्या, आणि थोड्या वेळाने उसाच्या पात्याने ओरखडलेल्या सायकलीकडे बघून म्हणाल्या, "माझी पूजा वाया गेली. पाडव्याला पुन्यांदा चांगली लावते."

माझ्या तोंडून निघालं, "काकू, पाडव्याला मी पुसेन सायकली."

"का गं? माझ्या हाताला काय झालं?"

मी काकांकडे बघितलं. आता बोलावं लागणार होतं. पण ते आधी बोलले. "तू दोनीबी सजव गं. तुझ्या हाताला काय न्हाई झालं. मीच आता बसत न्हाई सायकलीवर. डोळं गेलं माझं."

काकूंनी सुटकेचा श्वास सोडला. मलाही सुटल्यासारखं झालं. मुलाला फोन करून सांगता येणार होतं की, आता काळजी नाही. काका मात्र भिंतीकडे तोंड करून बसले होते, आणि काकू माझ्या चाकांवरची राख ओल्या फडक्याने पुसायला लागल्या होत्या.