खालच्या सिलिंडरमधलं तेल

नारायणगुड्याच्या सिग्नलला एका जुन्या स्कूटरने निळा धूर सोडला. सगळ्यांनी नाकं दाबली. मी मात्र छाती भरून वास घेतला.

लग्नानंतर हे मला पहिल्यांदा त्यांच्या विमानदुरुस्तीच्या शेडमध्ये घेऊन गेले, त्या दिवसाचा तो वास. नऊ सिलिंडरचं गोल इंजिन वर्षभर बंद होतं. आज नाही सुरू झालं तर भंगारात जाणार होतं. बंद पडून राहिलेल्या इंजिनाचं तेल खालच्या सिलिंडरांत उतरून बसतं, ते निघावं म्हणून आधी इंजिनाचा पंखा हाताने फिरवायचा. "भाभी, गिनती आप करो," म्हातारे मेकॅनिक ख्वाजामियाँ म्हणाले. मी मोठ्याने पाती मोजली. बारा झाल्यावर सगळे मागे सरले. इंजिन दोनदा खोकलं आणि धुराचा लोट सोडत गरजलं. माझ्या नव्याकोऱ्या साडीवर तेलाचे शिंतोडे उडाले. मी रडवेली, आणि हे ख्वाजामियाँना मिठी मारून नाचतायत! तेव्हा केवढा राग आला होता. आता तेच डाग मी कौतुकाने दाखवते.

यांची सत्तरी उलटली. सकाळी गुडघे आखडलेले असतात. पलंगाच्या काठावर बसून हे पाय झुलवतात, मी समोर उभी राहून मोजते. बारा झाले की हे दोनदा खोकतात आणि उठतात.