मेण वितळलं त्या दुपारी

वडील रताळ्यांच्या शेतात गेले, की ओलिता फ्रिलो कोठारात शिरायची आणि त्यांचं अ‍ॅकॉर्डियन मांडीवर घ्यायची. घरात सगळे त्याला पेटीच म्हणत. पेटी बाप्यांनी वाजवायची आणि बायांनी नाचायचं, अशी त्या मुलखातली रीत. ऐकायला एक गाय आणि कोंबड्या. पुढे लग्न झालं, चार मुलं झाली, शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं गेली. दार लावून वाजवणं मात्र सुटलं नाही.

अडुसष्टाव्या वर्षी ओपेलुसास गावच्या क्रिओल लोकांच्या महोत्सवाच्या पत्रकात तिचं नाव छापून आलं. चारचौघांत वाजवायची ही पहिलीच वेळ. धाकटा भाऊ अल्सीड छातीवर पन्हळी पत्रा बांधून त्यावर चमचे घासत साथ करणार होता.

त्या दिवशी गम्बोच्या, तिकडच्या दाट रश्श्याच्या, पातेल्यापाशी बायकांनी तिला हाक मारली. जरा ढवळून देते म्हणत ती थांबली, आणि चव बघता बघता दोन तास गेले. पेटी जुलैच्या उन्हात, काचा चढवलेल्या गाडीत. उचलली तेव्हा आत काहीतरी खुळखुळलं. सुरांच्या पट्ट्या मेणावर बसवलेल्या असतात. मेण वितळून त्या गळून पडल्या होत्या.

ओलिता गाडीच्या पायरीवर मटकन बसली.

"गम्बो तरी जमलाय का, ताई?" अल्सीडने विचारलं.

"तोंड मिट."

कुणाची तरी पेटी मागून आणतो, असं तो म्हणाला. तिने मान हलवली. परक्या पेटीवर तिची बोटं चालली नसती. तेवढ्यात मंचावरून तिचं नाव पुकारलं गेलं.

तिच्या लहानपणी ईस्टरआधीच्या उपवासात वाद्यं बंद असत, तेव्हा आजी आणि शेजारणी नुसत्या टाळ्यांवर नि टाचांवर गायच्या. त्याला ज्युरे म्हणत. ओलिता उठली आणि तिने अल्सीडला पत्रा उतरवायला सांगितलं.

"उपवास संपून तीन महिने झाले," तो म्हणाला.

"माझा चालू आहे. चल."

तिने मंचाच्या फळीवर टाच आपटली आणि आवाज लावला. दुसऱ्या ओळीला पातेल्यापाशी पळ्या खाली ठेवल्या गेल्या. तिसऱ्या कडव्याला सगळं मैदान पाय आपटत होतं, धूळ गुडघ्यापर्यंत. पत्रकातलं तिचं नाव वाचून भुवया उंचावणारे म्हातारे आणखी एक, आणखी एक, म्हणून अडून बसले.

खाली उतरल्यावर घाम पुसत तिने अल्सीडला पेटी दुरुस्त करणाऱ्याला फोन लावायला सांगितलं.

"आता कशाला? लोक खूश आहेत की."

"असू देत," ओलिता म्हणाली. "पेटी कुठे ऐकलीय त्यांनी अजून?"