उजेडबाई आणि माझा पुढचा दात

माझ्या पुढच्या दाताच्या कॅपसाठी मी वॉशबेसिनचा रंग निवडला. कुणी फसवलं नाही, कुणी आग्रह केला नाही. कडबोळं चावताना अर्धा दात गेला होता आणि आता अख्खा मिळणार तर तो झळकला पाहिजे, एवढाच माझा विचार. रंगांच्या पट्टीतला सगळ्यांत पांढरा नमुना बोटानं दाखवून मी म्हणालो, "हा."

आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पट्टी माझ्या हातातून काढून घेतली. "हा दाताचा रंग नाही. भांड्याचा आहे. मी बसवणार नाही." मग मी बाणेदारपणे दुसरीकडे जाऊन तोच रंग बसवून आलो. भाच्याच्या लग्नाच्या फोटोंत नवरदेवाच्या आधी माझा दात दिसतो. बायको मांडवातच म्हणाली, "अहो, तोंड मिटा. फ्लॅश उलटा येतोय." महिन्याभरात मी नारायण पेठेतून निघून, नदी ओलांडून, मुकाट पुन्हा विश्रांतवाडीला बाईंच्या दारात.

आम्ही पेशंट त्यांना मागे उजेडबाई म्हणायचो. दाताचा रंग ठरवायचा असला की त्या खुर्चीवरचा दिवा बंद करत आणि पेशंटला गळ्यातल्या फडक्यासकट उत्तरेच्या गॅलरीत उभं करत. ढग आला तर तो जाईपर्यंत थांबायचं. लिपस्टिक असेल तर पुसून यायचं. मग नमुना ओठाशी धरून त्या क्षणभर बघत आणि लगेच मान वळवून समोरच्या कडुनिंबात नजर सोडून देत. "एकटक बघितलं की सगळेच दात सारखे दिसायला लागतात. डोळा मधेमधे धुऊन घ्यावा लागतो."

त्या गॅलरीत उभं राहिलं की खालच्या आळंदी रस्त्याचे हॉर्न दुसऱ्याच कुठल्या गावातून आल्यासारखे वाटत. बाई हळू आवाजात बोलत राहत, माझ्याशी की दाताशी ते कळत नसे. "हिरडीजवळ साय आहे... मधे भाताची पेज... आणि टोकाला काहीच नाही, नुसता उजेड आरपार." मी तोंड उघडं ठेवून ऐकत असे. आपल्या तोंडात हळूहळू पहाट होते आहे, असं काहीतरी वाटे. एरवी मला गाडीची वाट बघतानाही अशी शांतता सोसत नाही.

कॅप कशाची करायची, यावर बाई नातेवाइकांबद्दल बोलावं तसं बोलत. धातूवर पोर्सेलिन चढवलेली कॅप? "कष्टाळू आहे हो, पण उतारवयात हिरडीशी काळी रेघ दाखवते." झिरकोनिया? "ताकद भरपूर. पण उजेड अडवतो. त्याला मागे दाढेत बसवावा." सोनं? "समोरच्या दाताला जपतं. इतकं समजूतदार कुणी नाही. फक्त दिसतं, एवढाच दोष." आणि पुढच्या दातासाठी त्यांची लाडकी, काचेच्या जातीची सिरॅमिक. "ही उजेड आत घेते, जरा वेळ ठेवून घेते आणि मग सोडते." आजही कुणी समोर हसलं की तो काय बोलतोय हे सोडून मी त्याच्या दातात उजेड किती वेळ थांबतो ते बघतो. यामुळे माझ्याबद्दल बरेच गैरसमज झाले आहेत.

बाईंचं एक वाक्य सगळ्या पेशंटांना पाठ होतं. "ज्या दिवशी शेजारशेजारचे दोन रंग मला वेगळे दिसणार नाहीत, त्या दिवशी दवाखान्याला कुलूप." यजमान गेल्यापासून ती गॅलरी हेच बाईंचं जग होतं. त्यामुळे आम्ही ते वाक्य हसण्यावारी न्यायचो.

माझी नवी सिरॅमिकची कॅप आली. बाईंनी ती तात्पुरती बसवली, गॅलरीत नेलं, हातात आरसा दिला आणि विचारलं, "जुळतोय?"

आजवर बाईंनी मला सांगितलं होतं, विचारलं कधीच नव्हतं. मी आरशात बघितलं. पांढऱ्या शेजाऱ्यांमध्ये एक दात हळदीच्या कार्यक्रमाहून थेट आल्यासारखा उभा होता. मग बाईंकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत बारीक धुकं होतं.

"अगदी जुळतोय," मी म्हणालो.

"नक्की?"

"खरा कुठला तेच कळत नाहीये, बाई!"

बाईंनी तो सिमेंटनं कायमचा पक्का करून टाकला.

घरी बायकोनं दार उघडलं. मी हसलो. ती नाही हसली. मग बाईंच्या डोळ्यांतल्या धुक्याचं सगळं सांगावंच लागलं. "बाईंना दिसत नाहीये आणि तुम्ही छान म्हणून आलात? उद्या एखाद्या पोरीच्या पुढच्या दाताचं असं झालं तर तिनं कुणाला तोंड दाखवायचं? जा, सांगून या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाषण पाठ करत गेलो. बाई गॅलरीत मांडीवर रंगांची पट्टी घेऊन बसल्या होत्या. दोन नमुने वेगळे काढून ठेवले होते.

"या. यातला गडद कुठला?"

मी दाखवला.

"मला दोन्ही एकच दिसतात. मोतीबिंदू असणार. काल तुम्ही पहिल्या फटक्यात खूश झालात, तेव्हाच शंका आली. नारायण पेठेतला माणूस इतक्या पटकन खूश होत नाही." त्यांनी पट्टी मिटली. "ऑपरेशन करून घेईन. पण हातही आता थकलेत. कुलूप लावते."

कडुनिंबातून ऊन गळत गळत त्यांच्या पांढऱ्या कोटावर येऊन थांबलं होतं. बाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "वाईट नाही वाटत हो. गेले काही महिने सगळ्यांचे दात मला संध्याकाळच्या उन्हातले दिसतात. सगळी माणसं फार गोड हसतात."

मग एकदम त्यांचा आवाज दवाखान्यातला झाला. "काल तुम्हाला दिसलं होतं ना?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही दवाखाना बंद कराल म्हणून."

बाईंनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, दातावर नखानं दोनदा टकटक केलं आणि हात सोडला.

"हडपसरला माझी एक विद्यार्थिनी आहे. ती हा दात बदलून देईल. खोट्या जिभेवर बसेल अशी कॅप मात्र अजून निघालेली नाही."