दुपारची आई

"थांब बाळा, अजून मी कंपनीतली आहे."

दाराशी लूना लावून ती आत आली की पहिलं वाक्य हेच. पोरगी आधी रांगत, पुढे धडपडत चालत तिच्याकडे झेपावायची, आणि ही दोन्ही हात वर करून, पोलिसाने पकडल्यासारखी, भिंतीकडेने मोरीकडे सरकायची. तोंड, मान, कोपरापर्यंत हात धुवायचे. साडी बदलायची. उतरवलेली साडी पिशवीत कोंबून पिशवी बाहेर लूनाला अडकवायची. तोवर इकडे पोरगी रडून लाल. मग भिंतीला टेकून मांडी घालायची आणि म्हणायची, "ये. आता मी घरची."

नव्वदच्या आसपासची गोष्ट. नवीन पनवेलमध्ये मी तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत पाळणाघर चालवायचे. आया सकाळी मुलं सोडायच्या आणि संध्याकाळी न्यायच्या. दुपारी येणारी आई ही एकच. तळोज्याला रंगाच्या एका कंपनीत ती प्रयोगशाळेत कामाला होती. पोरीला पाजायला म्हणून साहेबाशी भांडून जेवणाच्या सुट्टीला थोडी जोड मिळवलेली. स्वतःचा डबा ती कधी खायची, मला माहीत नाही. बहुतेक सिग्नलला खात असावी. पण तेव्हा पनवेलात सिग्नल तरी कुठे होते!

मूल ठेवायला आली तेव्हा तिने सूचनांची अशी सरबत्ती केली की मी तांदूळ निवडायची थांबले. बाटली नाही, वाटी-चमचा. डब्यातली पावडर नाही, नाचणीचं सत्त्व. ते मी आणून देईन. प्लास्टिकची चड्डी नाही, सुती लंगोट. पावडर नाही, काजळ नाही. मातीत खेळली तर खेळू द्या. आणि लंगोट रिठ्याच्या पाण्यात धुवायचे.

"रिठे भिजवणार कोण?" मी विचारलं.

"काकू, रात्री भिजत घातले की झालं."

"म्हणजे मी."

ती हसली. हसली की तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं जास्तच दिसायची. सगळं नैसर्गिक, फक्त धुणारी मी, असं मी तिला महिनाभर ऐकवत होते. पण रिठे भिजवत होते. मूल दिवसभर माझ्याकडे राहायचं होतं आणि लंगोटाने पोरीच्या मांड्या सोलत नव्हत्या, हेही खरं होतं.

बाकीच्या आयांना ती जरा डोक्यात जायची. भाजीवाल्याची प्लास्टिकची पिशवी परत करणारी, भाजीची देठं गॅलरीतल्या कुंडीत पुरणारी बाई तुमच्याही बिल्डिंगमध्ये एखादी असेल. लोक तिच्याशी बोलतात कसे, तुम्हाला माहीत आहे. एकदा दुसऱ्या मजल्यावरची एकजण तिला म्हणाली, "एवढं आहे तर जंगलातच राहायचं ना!"

"राहिले असते हो," ती म्हणाली, "पण तिथे पगार देत नाहीत."

ते खोटं नव्हतं. सासरची ओवे गावातली शेती नवी मुंबई वसवताना गेली होती. नवरा बांधकामांवर रेतीच्या गाड्या पुरवायचा. काम कधी असायचं, कधी नसायचं. घर तिच्या नोकरीवर उभं होतं. म्हणून कंपनी सोडायची नाही आणि कंपनीतलं काही पोरीपर्यंत येऊ द्यायचं नाही, असा तिचा हिशेब. त्या दोन्हींच्या मधे माझी मोरी.

पाजताना ती बोलायची कमी. बऱ्याचदा डोकं भिंतीला लागलं की झोपायचीच. पोरगी पीत असायची आणि आई तोंड उघडं टाकून घोरत असायची. मी घड्याळ बघून खांदा हलवायचे. "उठ गं, तुझी कंपनी वाट बघतेय." दचकून उठायची आणि पहिला हात पोरीच्या नाकाशी जायचा, श्वास बघायला.

पोरगी वर्षाची झाली आणि तिच्या एका गालावर नि दंडावर पुरळ उठलं. मला नाचणीचा संशय, तिला माझ्या साबणाचा. "काकू, चुकून साबण तर नाही ना लावला?" असं तिने तीनदा विचारलं, तेव्हा मी साबणाची वडीच तिच्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकली. ती डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर म्हणाले, "घामोळं असेल. सुती कपडे वापरत चला." हे मला सांगताना ती इतकी हसली की पोरगी दचकून रडायला लागली.

पोरगी माझ्याकडे निजायची ती एका गोधडीवर. तिच्या आईच्या सासूने शिवलेली. म्हातारी मधूनमधून ओव्याहून यायची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण टाका असा बारीक की बोट फिरवलं तर लागू नये. "मऊ हाय ना? माज्या बायला टोचाला नको," असं म्हणत ती माझ्यासमोर गोधडी पसरायची, दुकानदाराने शालू दाखवावा तशी.

एका दुपारी मी ती गोधडी दोरीवर उलटी वाळत घातली होती. ही पाजता पाजता तिच्याकडे बघत होती. एकदम म्हणाली, "काकू, तो जांभळा काठ कुठला?"

मी गोधडी काढून तिच्यापुढे टाकली. खालच्या बाजूला जांभळ्या काठाची जुनी साडी होती आणि तिच्यावर फिकट पिवळे शिंतोडे. वर पांढरा कोट असला तरी निऱ्यांवर असे शिंतोडे उडायचेच. कंपनीत नेसून विरलेल्या साड्या तिने फरशी पुसायला म्हणून वेगळ्या बांधून माळ्यावर ठेवल्या होत्या. म्हातारीला ते गाठोडं सापडलं. सतरांदा धुतलेली, लोण्यासारखी झालेली सुती साडी फरशी पुसायला? कुठल्याही आजीने केलं असतं तेच तिने केलं.

"अगं, किती पाण्यांतून गेलीय ती," मी म्हटलं. "आता काय राहिलंय तिच्यात?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "मी कंपनीच्या नाल्याचं पाणी तपासते. साडी नाही."

"मग म्हातारीला सांग आणि टाकून दे."

"काय सांगू? तुम्ही न दिसणाऱ्या डोळ्यांनी शिवलीत, त्यानेच पोरीला झालं, असं?"

त्यानंतर रोज दुपारी एका हाताने पोरीला धरून ती दुसऱ्या हाताने ब्लेडने टाके उसवायची. मी हात लावला की म्हणायची, "राहू द्या, तुम्ही घाईत फाडाल." ते खरं होतं. तो थर निघाला. तिथे माझी एक जुनी साडी लावली; तिच्यात फार तर फोडणीचा वास असेल. टाके मी घातले. पुरळ नंतर गेलं. गोधडीमुळे गेलं की उन्हाळा सरला म्हणून गेलं, मी सांगू शकत नाही. सांगणारे असतात, त्यांचा मला कंटाळा आहे.

पण तिचं मन काही शांत झालं नाही. एकदा पाजत असताना म्हणाली, "काकू, साडी उसवता आली."

"मग?"

"दिवसभर जो वास नाकात जातो, तो कुठे जात असेल?"

मी पोरीकडे पाहिलं. ती डोळे मिटून पीत होती.

"डॉक्टरला विचार," मी म्हटलं.

"विचारलं. म्हणाले, आईच्या दुधासारखं दुसरं काही नाही. तेच त्यांच्या भिंतीवरच्या पोस्टरवर लिहिलंय. मी कुठे काम करते, हे त्यांनी विचारलंच नाही."

मी चहा टाकला. चहा झाला तेव्हा ती झोपली होती.

पुढे तिने नोकरी सोडली. नवऱ्याला रोह्याकडे कुणाच्या तरी वीटभट्टीवर देखरेखीचं काम मिळालं आणि बिऱ्हाड तिकडे गेलं. आई घरी बसली म्हणजे पाळणाघराचा संबंध संपतोच. माझ्या धंद्यात माणसं अशीच जातात. बिल्डिंगमध्ये चर्चा झाली. "चांगली नोकरी, पण लंगोटापायी सोडली." दुसऱ्या मजल्यावरचीने मला मुद्दाम विचारलं, "काय हो, हिचं नक्की झालं काय?" मी म्हटलं, "घरची अडचण." पण नोकरी तिने घरी बसून, विचार करून सोडली नव्हती. माझ्याकडे, एका दुपारी सोडली होती.

त्या दिवशी ती कडुनिंबाचा पाला घेऊन आली. "काकू, पाटा-वरवंटा द्या. आज दूध तोडते." पोरगी दीड वर्षाची होत आली होती, आणि तोडताना बायका कडुनिंब लावतातच, त्यात नवल नव्हतं. नवल इतकंच की ज्या पाजण्यासाठी ती साहेबाशी भांडली होती, तेच तोडायला निघाली होती. पाला मी वाटला. चांगला जाड, हिरवागार.

तिने तो लावला आणि पोरीला जवळ घेतलं. पोरीने तोंड लावलं आणि झटक्याने मागे झाली. जीभ बाहेर काढली, थुंकली, अंग शहारलं. आईच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. मला वाटलं, झालं काम. पोरीने परत तोंड लावलं. एकेक घोट घेताना चेहरा वेडावाकडा, डोळ्यांतून पाणी, पण सोडेना. आईने तिला दूर करून पाहिलं, तर दोन्ही मुठींत ब्लाउज धरून ठेवला.

मी हसले. अशी हट्टी मुलं मी पाहिली आहेत. ती हसली नाही.

"काकू," ती म्हणाली, "ही तर काहीही असलं तरी पिणार."

मग पदर पोरीवर ओढून घेतला आणि भिंतीला टेकली. त्या दिवशी झोपली नाही. मी घड्याळाकडे पाहिलं.

"अगं, उशीर होतोय."

"होऊ दे."

बाकीची मुलं उठायला लागली. मी त्यांची तोंडं धुतली, दूध दिलं, एकाचं भांडण सोडवलं. परत आले तेव्हा ती तशीच बसली होती. पोरगी तिच्या मांडीवर झोपली होती, आणि तिच्या ओठांना हिरवा रंग लागला होता.